गिधाडांचा अभ्यास उकिरड्यापासून सुरू करा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. त्र्यंबक तालुक्यातल्या तुमच्या पाड्यामागच्या कड्यावर गिधाडं बसतात, तुमची प्राणिशास्त्राची एम.एस्सी. नुकतीच झाली आहे आणि पुढची दोन वर्षं या पक्ष्यांवर काम करायचा विचार आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. गिधाडं मोजायची कशी, त्यासाठी ड्रोन घ्यावा का, आणि गावातल्या लोकांना गिधाडांचं महत्त्व कसं पटवून द्यावं. पहिल्या दोन सोप्या आहेत, त्यांच्याकडे नंतर येतो. खरी गोम तिसऱ्यात आहे.

मी पशुवैद्यक. नोकरीची २७ वर्षं नाशिकच्या पश्चिम पट्ट्यातच गेली, त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा असं फिरत. पक्ष्यांकडे वळलो तो हौसेनं नाही, अपराधी वाटलं म्हणून. २००६ पर्यंत मी स्वतः जनावरांना डायक्लोफेनॅक हे ताप-वेदनेवरचं औषध टोचत होतो, आणि मनापासून टोचत होतो. आवणीचे म्हणजे भातलावणीचे दिवस, चिखलणी अर्धी राहिलेली, अशात बैलाला तिवा येतो. अंगात ताप, सांधे धरलेले, बैल जागचा उठत नाही. एक सुई दिली की संध्याकाळी तो उभा राहून गवताला तोंड लावायचा आणि घरधनी हात जोडायचा. त्या वेळी आमच्या बॅगेत याहून गुणी औषध दुसरं नव्हतं.

पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरचं संशोधन २००४ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा गिधाडं एवढी का मरतायत याचं कोडं सुटलं. औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. रक्तातलं युरिक आम्ल बाहेर पडत नाही आणि ते हृदयावर, यकृतावर साचतं. पुढच्या संशोधनातला एक आकडा तर मी आजही नव्या मुलांना सांगतो. शंभर मेलेल्या जनावरांत एकापेक्षाही कमी जनावर असं विषारी असलं, तरी गिधाडांची जात खलास व्हायला तेवढं पुरतं. कारण उघड आहे. एका बैलावर चाळीस-पन्नास पक्षी बसतात आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात ९९ टक्क्यांहून जास्त घटली ती अशी, गोळी न झाडता.

आता तुमचा तिसरा प्रश्न. 'महत्त्व पटवून द्यावं' असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे लोकांना ते पटलेलं नाही असं तुम्ही धरून चाललात. माझा अनुभव उलटा आहे. आपल्या भागात गिधाडाला कुणी दगड मारत नाही. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला जटायू पडला आणि रामानं बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, ही कथा शाळेच्या आधी घरात ऐकायला मिळते. मीही सुरुवातीला प्रत्येक पाड्यावर जटायूवरूनच सुरू करायचो. लोक माना डोलवायचे, चहा द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी बैल आजारी पडला की तीच सुई मागवायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं. पक्ष्याबद्दलची श्रद्धा आणि बैलाला द्यायचं औषध या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात वेगळ्या खणांत होत्या. त्या दोन्हींच्या मधे मेलेला बैल आहे, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

म्हणून माझा सल्ला तुम्हाला विचित्र वाटेल. पहिले सहा महिने कड्याकडे कमी बघा, उकिरड्याकडे जास्त बघा. गोठ्याच्या मागे, कुडाच्या फटीत, छपराच्या वळचणीला औषधाच्या रिकाम्या बाटल्या खोचलेल्या असतात. त्या गोळा करा, नावं लिहा, कुठल्या महिन्यात सापडल्या ते लिहा. लोकांना 'तुम्ही कोणतं औषध वापरता?' असं विचारलंत तर 'डॉक्टरनं दिलं ते' एवढंच उत्तर मिळेल. बाटली खरं सांगते.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे मी हे का म्हणतोय ते कळेल. २०११ च्या पावसाळ्यात हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरून निरोप आला की बैल बसलाय. मी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला आणि बैल गेला होता. मी मालकाला विचारलं, "दादा, आधी काही टोचलं होतं का?"

"तापाचं दिलं ना त्या भाऊनं."

हा भाऊ म्हणजे मोटारसायकलवर फिरून जनावरं बघणारा माणूस. मालकानं कुडातून एक काचेची बाटली काढून दाखवली. तीस मिलीची, अर्धी संपलेली. परत लागेल म्हणून जपून ठेवलेली. लेबलावर डायक्लोफेनॅक, आणि ते माणसांसाठी म्हणून विकलेलं. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, पण माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या दुकानात मिळतच होत्या. त्या बाटल्या तीन मिलीच्या एका डोसापुरत्या करायचा आदेश निघाला २०१५ मध्ये. मधली नऊ वर्षं कायदा एका वाटेनं गेला आणि औषध दुसऱ्या.

"बैल कुठं टाकला?"

"वरल्या अंगाला, करवंदीच्या जाळीपाशी."

आम्ही वर गेलो. पाऊस नुकताच थांबला होता. खडकांवर गिधाडं पंख पसरून बसली होती, ओली आणि सुस्त. अन्नाच्या पिशव्या फुगून गळ्याखाली लोंबत होत्या. पोटं भरली होती. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाच दिवसांनी खालच्या ओहोळात एक पक्षी मेलेला सापडला. आम्ही तो वनखात्याच्या परवानगीनं उघडला, तर यकृतावर आणि हृदयाच्या आवरणावर खडूची पूड फासल्यासारखा पांढरा थर. बाकीचे पक्षी कुठं गेले ते कळलं नाही. खाऊन उठलेलं गिधाड तीस-चाळीस किलोमीटर सहज जातं, कुठल्या तरी दुसऱ्या कपारीत जाऊन मरतं आणि कुणाच्याच वहीत येत नाही.

त्या भाऊवर मी तेव्हा फार चिडलो होतो. पुढे राग निवला, कारण रात्री अकरा वाजता चिखलातून येणारा तो एकटाच होता. मी येत नव्हतो. आज त्या भागातले असे तीन-चार जण माझ्या कामातले सगळ्यात उपयोगी लोक आहेत. डायक्लोफेनॅकऐवजी मेलोक्सिकॅम वापरा, ते गिधाडांना सुरक्षित असल्याचं तपासून सिद्ध झालंय, हे त्यांना मी समजावलं. 'त्यानं बैल उशिरा उठतो, लोक पैसे देत नाहीत' हा त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. त्यावर मी डोस नीट वजन अंदाजून द्यायला आणि वेळेत सुरू करायला शिकवलं. हल्ली टॉल्फेनॅमिक आम्लही सुरक्षित म्हणून सांगता येतं. पण दुकानातल्या यादीकडे डोळा ठेवावा लागतो. एसेक्लोफेनॅक जनावराच्या पोटात गेलं की त्याचं डायक्लोफेनॅकच होतं, आणि केटोप्रोफेनही घातक. या दोन्हींवर जनावरांसाठी बंदी आली ती २०२३ मध्ये. त्यानंतर निमेसुलाइडचाही नंबर लागला. बाटलीवरचं नाव बदललं म्हणून निर्धास्त होऊ नका, आतलं औषध वाचा.

बाटल्यांनंतर दुसरं काम, मेलेलं जनावर कुठं जातं ते शोधणं. एक वही करा. पाड्यावर वर्षभरात किती जनावरं मेली, कशानं, मरण्याआधी आठ दिवसांत काय टोचलं, मेल्यावर पुरलं की टाकलं, टाकलं तर कुठं, आणि तिथं आधी कोण पोचलं, गिधाडं की कुत्री. ही माहिती तुम्हाला बायका देतील. गोठा त्या सांभाळतात, गाय कधी खायची थांबली हे त्यांना तारखेनं आठवतं. पुरुष 'असंल दोन महिने झाले' म्हणून मोकळे होतात.

इथे एक गोष्ट जपून. जुन्या काळी मेलेली गुरं गावाबाहेर ओढली जायची, म्हणून गिधाडांची चंगळ होती, असं पक्षीमित्र हळहळून बोलतात. सपाटीवरच्या गावांत हे काम जातीनं लादलेलं होतं. माणसांनी ते सोडलं आणि योग्यच केलं. डोंगरातल्या पाड्यांवर ज्याचं जनावर त्यानंच चार माणसं जमवून ओढायचं अशी रीत होती, ती आजही थोडीफार आहे. तुम्ही 'पूर्वीसारखं करा' म्हणून गेलात तर ऐकणाऱ्याच्या मनात काय येईल, याचा आधी विचार करा. मी एकदा बोलून बसलोय आणि सभा तिथेच संपली.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमच्या कड्यावरची गिधाडं बहुधा लांब चोचीची असणार, ती कपारीत घरटी करतात. पांढऱ्या पाठीची उंच झाडांवर करतात, आणि झाड कुणाच्या तरी मालकीच्या बांधावर असू शकतं. तिथे प्रश्न तोडीचा आणि त्या मालकाच्या गरजेचा होतो. कडा वनखात्याच्या जमिनीत आहे, अंजनेरीसारख्या संवर्धन राखीव क्षेत्रात आहे, की गावाला सामूहिक वनहक्क मिळालाय, हे आधी तलाठी आणि वनरक्षकाकडून नक्की करून घ्या. आपला तालुका पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतो, म्हणजे ग्रामसभेचा ठराव हा नुसता कागद नसतो. मी परवानगी नेहमी दोन्हीकडून घेतो, आधी ग्रामसभा आणि मग वनखातं. उलट्या क्रमानं गेलात तर गावाच्या लेखी तुम्ही खात्याचा माणूस ठरता आणि पुढे वर्षभर तुम्हाला कुणी खरं सांगत नाही.

बिबट्याचाही इथे संबंध आहे, हे सुरुवातीला माझ्या लक्षात आलं नव्हतं. बिबट्यानं शेळी मारली, पंचनामा झाला नाही, भरपाई आली नाही, की रागाच्या भरात कुणीतरी उरलेल्या मढ्यावर दाणेदार कीटकनाशक टाकतं. बिबट्या मरेल किंवा मरणार नाही, गिधाडं मात्र मरतात. म्हणून माझ्या टिपणवहीच्या मागे भरपाईचा अर्ज कायम घडी करून ठेवलेला असतो. मढं हलवू नका, लगेच वनरक्षकाला फोन करा, फोटो काढा, एवढं सांगून मी अर्ज भरून देतो. एका शेळीचे पैसे वेळेवर मिळाले तर त्या पाड्यावर माझे दहा भाषणांचे श्रम वाचतात.

गिधाडांना खाद्य द्यायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण लवकरच कुणीतरी सुचवेल. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्यानं गिधाडांसाठी खाद्याची जागा केली, ती जाऊन बघा, तिथल्या माणसांशी बोला. नेपाळात नवलपरासी जिल्ह्यातल्या पिठौलीला २००६ पासून गावकरीच अशी जागा चालवतात. म्हाताऱ्या गाई सांभाळायच्या, त्यांना घातक औषध द्यायचं नाही, त्या आपल्या मरणानं गेल्या की गिधाडांना घालायच्या. ते टिकलं याचं कारण मला असं वाटतं की गाय जिवंत असतानाच तिच्या औषधाचा हिशोब गावाकडे असतो.

आमची फजिती उलट झाली. एका संस्थेनं आमच्याकडे अशी जागा सुरू केली, मढी आणायला टेम्पोचं भाडं द्यायला लागली. वर्षभर झकास चाललं. मग निधी संपला, भाडं बंद झालं आणि लोकांनी जनावरं टाकायची पूर्वीची जागाही तोवर सोडलेली होती. गिधाडं रिकाम्या कुंपणावर घिरट्या घालत होती आणि आत कुत्र्यांनी पिल्लं घातली होती. चूक माझीही होती. टेम्पोचं भाडं दुसऱ्या वर्षी कोण देणार, हा प्रश्न पहिल्या बैठकीत मीच विचारायला हवा होता. तुम्ही हे काम दोन वर्षं करणार आहात, तर तिसऱ्या वर्षाचं काम पहिल्या वर्षातच कुणाच्या तरी हातात द्या.

आणि प्रत्येक मेलेलं जनावर गिधाडांना घालायचं नसतं. अचानक मेलं, नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त आलं, तर काळपुळीचा संशय धरा. त्याला हात लावायचा नाही, फाडायचं नाही, आधी पशुवैद्यकाला कळवायचं. २०२२ ला लम्पी आला तेव्हा आम्ही मेलेली जनावरं चुना टाकून खोल पुरली, गिधाडांचा विचार बाजूला ठेवला. औषधाबद्दल शंका असेल तरी पुराच. मी आठ दिवसांचा नियम पाळतो. मरण्याआधी आठ दिवसांत काय टोचलं ते कळत नसेल, तर ते जनावर कड्याखाली जात नाही. शास्त्राला तीन दिवस पुरतात, पण माणसाच्या आठवणीवर माझा तेवढा भरवसा नाही.

आता मोजणी. आकाशातली गिधाडं मोजू नका. सकाळी अंजनेरीवर दिसलेली दहा दुपारी हरसूलला दिसतात आणि तुमच्या वहीत ती वीस होतात. घरटी मोजा. समोरच्या टेकडीवर, कड्यापासून चांगलं लांब, एकच जागा ठरवा आणि प्रत्येक वेळी तिथूनच बघा. कड्याचा मोठा फोटो छापून घ्या. कपारीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात, त्यावरून घरटी हेरा आणि फोटोवर पेनानं आकडे टाका. ऊन चढायच्या आत पोचा, कारण हवा तापली की पक्षी उठतात. डिसेंबर-जानेवारीत किती घरट्यांत जोडी बसली आहे ते लिहा, मार्च-एप्रिलमध्ये त्यातल्या किती घरट्यांत मोठं झालेलं पिल्लू आहे ते लिहा. हे दोनच आकडे दहा वर्षं सलग मिळाले तर त्याला किंमत आहे. एकाच वर्षीच्या आकड्यावर प्रबंध होतो, त्यापलीकडे काही होत नाही. माझ्या कड्यावर सध्या नोंद ठेवतो तो गुराखी आहे, सातवी शिकलेला, आणि त्याच्या नोंदी माझ्यापेक्षा नीट असतात. त्याला दर महिन्याला मानधन मिळतं, आभार मानून भागवत नाही.

ड्रोन घेऊ नका. घिरट्या घालणारी वस्तू कपारीसमोर आली की बसलेला पक्षी झटकन उठतो, आणि एकुलतं एक अंडं घरंगळायला तेवढं पुरतं. शिवाय गिधाडं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, घरट्याजवळ असले प्रयोग करायचे तर परवानगी लागते आणि ती न मिळणंच बरं. त्या पैशात जुनी टेलिस्कोप आणि मजबूत तिवई येईल.

कड्यावर माणसांचा त्रास कुणाचा होतो हेही नोंदवा, पण आधी ठरवून टाकू नका. बाहेरून आलेला अभ्यासक पहिल्याच उन्हाळ्यात धूर बघतो आणि राब भाजणाऱ्यांवर घसरतो. राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा पसरून जाळणं, तो शेताच्या तुकड्यात, नजरेखाली भाजतात. उतारावरच्या गवताला लागलेला वणवा वेगळा, आणि तो पेटला तेव्हा पिल्लं कपारीत असतात. दोन्हींची गल्लत केलीत तर शेतकरी तुमचं वणव्याबद्दलही ऐकणार नाही. माझ्या नोंदींमध्ये घरटी सोडून दिल्याचे सगळ्यात जास्त दिवस शनिवार-रविवारचे आहेत. हिवाळ्यात दोर लावून कडे उतरणारे गट येतात, वरून ओरडतात, रात्री फटाके उडवतात. त्यांना मी नकाशा दाखवून दुसरा कडा सुचवतो, बहुतेक जण ऐकतात. २०२७ च्या सिंहस्थासाठी त्र्यंबक परिसरात रस्त्यांची आणि बांधकामांची कामं वाढली आहेत. तुमच्या पाड्याच्या बाजूला काही आलं, तर आधीच्या एका हंगामाच्या तरी नोंदी हातात असू द्या. 'इथे गिधाडं आहेत' असं तोंडी सांगून काम थांबत नाही, तारखांसह घरट्यांचे आकडे दाखवले तर निदान सुरुंग लावायचे महिने बदलून मिळतात. आम्हाला एकदा मिळाले.

घरट्यांची जागा मात्र कुठल्याही समूहावर टाकू नका. फोटो टाकायचाच तर 'नाशिक जिल्हा' एवढंच लिहा, कड्याचा आकार ओळखू येईल असा फोटो नको.

खर्चाचंही सांगतो. टेलिस्कोप सोडली तर पहिल्या वर्षी वह्या, पेट्रोल आणि त्या गुराख्यासारख्या माणसाचं मानधन, एवढाच. टेलिस्कोपची घाई करू नका. माझी एक जुनी पडून आहे, तिवईचा एक पाय सुतळीनं बांधलेला आहे पण काच चांगली आहे. जोड्या बसायला वेळ आहे, तोवर बाटल्या जमवा. दिवाळी झाली की पोतं घेऊन या, आपण ती ओसरीवर ओतून एकेक लेबल वाचू, आणि जाताना दुर्बीण घेऊन जा.